जॉबला तडा गेलाय? कारण शोधताना या चुका टाळा

तडा गेलेला जॉब (मशीनवर बनवलेला स्टीलचा पार्ट) माझ्या टेबलावर येतो तेव्हा सोबत निकालही आलेला असतो: "हीट ट्रीटमेंटवाल्याने वाट लावली." हीट ट्रीटमेंट म्हणजे स्टील भट्टीत तापवून हवं तसं कडक करणं. नाशिकचं अंबड असो, सातपूर असो, नाहीतर सिन्नरची माळेगाव एमआयडीसी, वाक्य तेच. बावीस वर्षं क्वालिटीत काढल्यावर माझं म्हणणं एवढंच आहे की "कोणी केलं" हे नंतर विचारा, आधी "केव्हा झालं" ते शोधा. बार रोल होताना, फोर्जिंगला, तापलेला जॉब तेलात बुडवून कडक करताना (क्वेंचिंग), टेम्परिंगची, म्हणजे ठिसूळपणा घालवायला पुन्हा हलकं तापवण्याची, वाट बघताना, ग्राइंडिंगला, की प्लेटिंगनंतर? टप्पा सापडला की माणूस शोधावा लागत नाही.

पुरावा स्वतःच्या हाताने पुसणे

ही चूक मी दर महिन्याला बघतो. तडा दिसला की ऑपरेटर एमरी पेपर मारून "नीट" बघतो. कोणी शॉट ब्लास्ट करून आणतो आणि मग डाय पेनिट्रंट (चिरेत शिरून ती दाखवणारा रंग) मारतो. ब्लास्टिंगने तड्याचं तोंड दाबलं जातं, डाय आत शिरतच नाही, आणि रिपोर्टवर "क्रॅक नाही" असं येतं. तुटलेले दोन तुकडे जुळतात का म्हणून एकमेकांवर घासून बघणारेही आहेत. कृपा करा, असं करू नका. त्या तुटलेल्या तोंडावरच सगळं लिहिलेलं असतं.

माझी पद्धत साधी आहे. लॉटमधला एक जॉब कोणीही हात न लावता कोरड्या पिशवीत, सिलिका जेलची पुडी टाकून बाजूला ठेवायचा. दुसऱ्याचा फोटो काढायचा, शेजारी स्टीलची पट्टी ठेवून. मग तड्याच्या मागच्या बाजूने भरपूर कूलंट सोडून कट-ऑफ व्हीलने काप घ्यायचा, तड्यापर्यंत पोहोचायचं नाही, आणि उरलेलं वाइसमध्ये धरून तोडायचं. गॅस कटिंग किंवा कोरडं कटिंग केलंत तर त्या उष्णतेने रंगही बदलतो आणि आतली रचनाही.

आता तोंडाचा रंग बघा. तड्याचा भाग काळा, स्केल (तापल्यावर धरणारी काळी खपली) धरलेला असेल तर तो हार्डनिंगच्या आधीपासून होता. गवती पिवळा किंवा निळा असेल तर क्वेंचिंगमध्ये पडला आणि टेम्परिंगच्या भट्टीत त्याला रंग चढला. स्वच्छ राखाडी असेल तर टेम्परिंगनंतरचा, म्हणजे ग्राइंडिंग, प्रेसिंग किंवा वापरातला. पण दोन ठिकाणी हा रंग फसवतो. टेम्परिंग ५५० अंशांच्या आसपास असेल तर क्वेंचिंगचा तडाही काळा पडतो. आणि व्हॅक्युम भट्टीत रंग चढतच नाही. म्हणून रंगावर थांबायचं नाही, मायक्रोस्कोपखाली जायचं.

न बघता हीट ट्रीटमेंटवर खापर फोडणे

हे मीच एकदा केलंय. ईएन १९ या मिश्रधातूच्या स्टीलच्या शाफ्टचा लॉट होता, हार्डन-टेम्पर होऊन आलेला. मॅग्नेटिक टेस्टला (जॉब चुंबकित करून भुकटीने तडे दाखवणारी तपासणी) तीसेक शाफ्टवर लांबीच्या दिशेने सरळ रेघा उजळल्या. क्वेंचिंगचे तडेही बऱ्याचदा असेच सरळ जातात, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. रिजेक्शनचं पत्र मी लिहिलं. व्हेंडरने बिचाऱ्याने भट्टीचं तापमान कमी केलं, तेल गरम ठेवलं, जॉब टांगायची पद्धत बदलली. पुढच्या लॉटला हार्डनेस खाली आला आणि रेघा तशाच राहिल्या. तीन आठवडे गेले. त्याचे पैसे अडले, आमचा माल अडला, आणि दोघांचं बोलणं बंद झालं.

शेवटी एका शाफ्टची आडवी चकती कापली, बेकलाइटमध्ये बसवली, पॉलिश केली आणि दोन टक्के नायटल (स्पिरिटमध्ये नायट्रिक ॲसिड) लावलं. १०० पटीत बघितलं तर तड्याच्या दोन्ही कडांना फेराइटचा (जवळपास कार्बन नसलेल्या मऊ लोखंडाचा) पांढरा पट्टा होता. म्हणजे त्या कडांमधलं कार्बन गेलेलं. पण शेजारच्याच टर्निंग केलेल्या पृष्ठभागावर पांढरं काही नाही, काठापर्यंत चांगला टेम्पर्ड मार्टेन्साइट, म्हणजे नीट कडक झालेल्या स्टीलची रचना. भट्टीने कार्बन खाल्लं असतं तर आधी बाहेरच्या पृष्ठभागाचं खाल्लं असतं. तेव्हा हा तडा टर्निंगच्या आधीचा, बारमधली सीम, म्हणजे बार बनतानाच पडलेली लांब चीर. रॅकवर त्याच हीटचे (स्टीलच्या एकाच वितळणीचे) बार शिल्लक होते. स्केल काढून पेनिट्रंट मारलं, आणि लाल रेघ कच्च्या बारवरच उठली.

एरवी अशी उथळ सीम टर्निंगमध्ये निघून जाते. पण आम्ही मटेरियल वाचवायला ब्लॅक बारचा (रोल होऊन स्केलसकट आलेल्या बारचा) साइज दोन मिलिमीटरने उतरवला होता, आणि प्रत्येक बाजूला जेमतेम पाऊण मिलिमीटर निघत होतं. बचत आमची आणि शिक्षा दुसऱ्याला. मी त्याच्या शेडवर जाऊन माफी मागितली. तेव्हापासून ५० मिलिमीटरच्या आसपासच्या ब्लॅक बारला बाजूला दीड मिलिमीटर निघाल्याशिवाय मी प्रोसेस शीटवर सही करत नाही. प्रत्येक हीटची एक चकती आधी एच करून (ॲसिड लावून) बघतो. खरेदीवाले कुरकुर करतात, तरी मी ऐकत नाही.

ग्राइंडिंगच्या तड्यांना क्वेंचिंगचे तडे समजणे

केस हार्डन केलेल्या (फक्त बाहेरचा थर, म्हणजे केस, कडक केलेल्या) पिना आणि गिअर यांत हे फार होतं. ग्राइंडिंगचे तडे उथळ असतात, बारीक आणि बरेच. व्हीलच्या दिशेला आडवे, एकमेकांना समांतर जातात किंवा जाळी धरतात. क्वेंचिंगचा तडा बहुधा एकटा, खोल, आणि कोपऱ्यातून, भोकातून किंवा की-वेच्या (शाफ्टवर चावी बसायच्या खाचेच्या) मुळातून निघालेला असतो. ज्याने दोन्ही शेजारी ठेवून एकदा बघितले तो सहसा चुकत नाही.

कारण शोधायला टेम्पर एच करा. सौम्य नायटलमध्ये जॉब बुडवला की ग्राइंडिंगला भाजलेला भाग काळपट दिसतो. फारच भाजला असेल तर काळ्या वेढ्यात पांढरा डाग दिसतो, म्हणजे तिथलं स्टील तापून पुन्हा हार्ड झालंय. नायटल बनवताना ॲसिड स्पिरिटमध्ये थोडं थोडं घालायचं, स्पिरिट ॲसिडमध्ये नाही. आणि तयार मिश्रण घट्ट बुचाच्या बाटलीत साठवायचं नाही.

मूळ दोष बहुतेक वेळा घाईचा असतो. नवीन पोरं व्हील ड्रेस करायचा (घासून पुन्हा धार आणायचा) कंटाळा करतात, घासून चकचकीत झालेल्या व्हीलने दाबून कट घेतात आणि कूलंटचा नोझल भलतीकडे असतो. मी शेवटच्या पासला पाच ते दहा मायक्रॉनच्या वर जाऊ देत नाही आणि ड्रेसिंग ठरावीक जॉब झाले की करायला लावतो, "वाटलं तेव्हा" नाही. एक गोष्ट मात्र ग्राइंडरवाल्याच्या बाजूने सांगतो. केसमध्ये रिटेन्ड ऑस्टेनाइट (क्वेंचिंगमध्ये कडक रचनेत न बदललेला भाग) जास्त असेल किंवा टेम्परिंग नीट झालं नसेल, तर चांगल्या हातालाही तडे येतात. तेही तपासा.

टेम्परिंग उद्यावर ढकलणे

क्वेंच झालेला जॉब हाताला कोमट लागला की, म्हणजे ५०-६० अंशांवर, लगेच टेम्परिंगला गेला पाहिजे. संध्याकाळी क्वेंच करून पेटी सकाळपर्यंत ठेवणं हा धोका आहे. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा एक आकडी होतो, आणि पत्र्याच्या शेडमध्ये रात्रभर थंड पडलेला डी२ या टूल स्टीलचा पंच सकाळी दोन तुकड्यांत मिळालेला मी पाहिलाय. भट्टी मोकळी नसेल तर क्वेंच करूच नका. निदान १५० अंशांच्या ओव्हनमध्ये तरी ठेवा.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो.

धारदार कोपरा. ड्रॉइंगवर रेडियस लिहिलेला असतो, टूलवर नसतो. की-वेच्या मुळात टूलची खूण नखाला लागली तर मी जॉब परत पाठवतो.

काठाजवळचं भोक. क्वेंचआधी फायर क्लेने भरा.

पंचिंगचे आकडे. पातळ भिंतीवर किंवा फिलेटवर (गोलावलेल्या कोपऱ्यावर) कधीही मारू नका, तडा तिथूनच निघतो.

ईएन ८मध्ये (साध्या कार्बन स्टीलमध्ये) मिसळलेला ईएन १९. पाण्यात गेला की फुटतो. रंग लावलेलं टोक पहिलं कापलं की बारची ओळखच जाते, म्हणून ते टोक शेवटी कापा. शंका आली तर आधी स्पार्क टेस्ट (ग्राइंडरवरच्या ठिणग्या बघणं), मग स्पेक्ट्रो (यंत्रावर घटक मोजणं).

एकाच दिशेने मॅग्नेटिक टेस्ट. चुंबकीय रेषांना समांतर असलेला तडा दिसत नाही. हेडशॉट (जॉबमधून करंट सोडून) आणि कॉइल (जॉबभोवती करंट फिरवून) दोन्ही करा.

प्लेटिंगनंतर एक-दोन दिवसांनी, जोडणीत घट्ट केल्यावर फुटलेला जॉब. इथे प्लेटिंगच्या वेळी स्टीलमध्ये शिरून ते ठिसूळ करणाऱ्या हायड्रोजनचा संशय धरा. मायक्रोस्कोपखाली हा तडाही क्वेंचिंगच्या तड्यासारखाच ग्रेनच्या सीमेवरून जातो, त्यामुळे लोक पुन्हा भट्टीवाल्याकडे धावतात. हार्डनेस ४० एचआरसीच्या (रॉकवेल सी) वर असेल तर पिकलिंग (ॲसिडमध्ये बुडवून साफ करणं) शक्यतो टाळा, आणि प्लेटिंग झाल्यावर चार तासांच्या आत हायड्रोजन बाहेर काढायला १९० ते २२० अंशांवर बेकिंगला टाका. प्लेटिंग किती वाजता संपलं आणि ओव्हनचं दार किती वाजता लागलं, या दोन्ही वेळा मी कार्डावर लिहून घेतो.

लॅबला जॉब पाठवताना नुसता "तडा का गेला" एवढ्या चिठ्ठीवर पाठवू नका. मटेरियल सर्टिफिकेट, बारचा साइज, बाजूला किती निघालं, भट्टीचा चार्ट, क्वेंच आणि टेम्परिंगमधलं अंतर आणि ग्राइंडिंगचा क्रम द्या. त्याच लॉटमधला एक न फुटलेला जॉबही सोबत द्या. तुलना करायला लॅबवाल्याला तो लागतोच.