ड्रिल जिगला बुश निवडताना: आधी गॅप बघा, मग बुश

ड्रिल जिग म्हणजे जॉब (होल पाडायचा भाग) पक्का धरणारी चौकट, आणि बुश म्हणजे तिच्या प्लेटमध्ये बसवलेली, ड्रिलला वाट दाखवणारी कडक नळी. "काका, साडेआठचा बुश पायजे, कुठं मिळंल?" असं विचारत महिन्यातनं एखादा तरी पोरगा आमच्या शेडमध्ये येतो. मी उलटं विचारतो, जॉब कास्टिंगचा का स्टीलचा, त्याच होलात पुढं रीमर (होल अचूक मापाला आणणारं हत्यार) घालणार का टॅप (आटे पाडणारं), नग किती, आणि बुशचं तोंड आणि जॉब यात गॅप किती ठेवलायस. पोरगं गप. कोल्हापूरच्या उद्यमनगरात बुश मिळायची अडचण नाहीच हो, तयार मिळतो, नाहीतर टूलरूमवाला करून देतो. अडचण अशी की ड्रिलचा साइज सांगितला म्हणजे बुश निवडला असं सगळ्यांना वाटतंय, आणि मग दोनशे नग झाल्यावर होलं सरकली म्हणून मशीनला शिव्या.

तर पहिलं बघायचं म्हणजे त्या होलात तुम्ही किती वेळा शिरणार. नुसतं ड्रिल मारून जॉब बाहेर काढायचा असंल तर साधा प्रेसफिट बुश घ्या, प्लेटमध्ये दाबून बसवला की विषय संपला. पण ९.८ चं ड्रिल मारून त्यावर १० चा रीमर घालायचा असंल तर एकाच जागी दोन बुश लागणार, मग प्लेटमध्ये कायमचा लायनर (बाहेरची कडक नळी) दाबायचा आणि त्याच्या आत हातानं निघणारा स्लिप बुश, एक ड्रिलचा, एक रीमरचा. टॅप मारायचा असंल तर ड्रिल झाल्यावर स्लिप बुश काढून घ्या आणि लायनरमधनं टॅप सोडा, टॅपला वेगळा बुश करायच्या भानगडीत पडू नका, तो पाडलेल्या होलाच्या मागनं आपोआप जातो. स्पॉटफेस (होलाच्या तोंडाभोवती सपाट बैठक) असंल तरी तेच, फक्त कटर लायनरमधनं जाईल एवढा लायनर मोठा ठेवायला आधीच डोक्यात पाहिजे, नाहीतर जिग झाल्यावर डोक्याला हात. आणि ऑपरेशन एकच पण नग हजारांनी असतील तर लायनरमध्ये स्क्रूनं धरलेला फिक्स बुश घाला, झिजला की पाच मिनटांत बदलता येतो, प्लेटला धक्का नाही.

आता काहीजण सगळीकडंच स्लिप बुश घालतेत, भारी दिसतंय म्हणून. नका घालू. स्लिप बुशला दोन ठिकाणी खेळ (ढिलेपणा) असतो, एक ड्रिल आणि बुशमध्ये, दुसरा बुश आणि लायनरमध्ये. गरज नसताना दुसरा खेळ विकत कशाला घ्यायचा?

कॉलरचा का बिनकॉलरचा, हे प्लेट बघून ठरवा. बिनकॉलरचा वरनं प्लेटबरोबर बसतो आणि होलं जवळजवळ असली तरी मावतो, पण चकाचा (ड्रिल धरणाऱ्या भागाचा) धक्का बसला तर खाली सरकू शकतो. कॉलर असली की सरकत नाही, आणि पातळ प्लेटवर कॉलरमुळं बुशला थोडी जास्त लांबी मिळते. कॅटलॉगमध्ये डिन (जर्मन स्टँडर्ड) १७९ दिसलं की बिनकॉलरचा, १७२ म्हणजे कॉलरचा आणि १७३ म्हणजे स्लिपचा, एवढं पाठ असलं तरी फोनवर घोळ होत नाही. होलं फारच जवळ असतील, समजा १४ चं सेंटर आणि बुशचा बाहेरचा व्यास १५, तर दोन्ही बुशना एका बाजूनं फ्लॅट मारून शेजारी बसवायचे, किंवा एकाच तुकड्यात दोन होलं असलेला बुश करून घ्यायचा.

आता गॅपचं. हे नीट वाचा, बाकीचं विसरला तरी चालंल.

एम१० (१० मिमीच्या आट्या) च्या टॅपिंगला ८.५ चं ड्रिल घेतलं. चांगल्या कंपनीचं ड्रिल एच८ मध्ये (लहान h8, मापात किती फरक चालतो त्याचा कोड; होलाला मोठं अक्षर, आत जाणाऱ्याला लहान) असतं, म्हणजे ८.५ पासनं खाली २२ मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग). बुशचं आतलं होल एफ७, म्हणजे ८.५ च्या वर १३ ते २८ मायक्रॉन. दोघांच्यात खेळ कमीत कमी १३ आणि जास्तीत जास्त ५० मायक्रॉन. आता वाईटातलं वाईट धरू, ५०. बुशची लांबी १६ मिमी. ड्रिल बुशात तिरकं उभं राहिलं की तोंडाशी ते सेंटरपासनं २५ मायक्रॉन सरकलेलं असतं, आणि त्या तिरकेपणामुळं पुढं जाईल तसं आणखी सरकत जातं. गॅप ४ मिमी असंल तर जॉबवर टेकताना साधारण ३७ मायक्रॉन. तोच बुश, तेच ड्रिल, पण गॅप २० मिमी ठेवला तर ८७. आणि बुश पण आखूड घेतला, १० मिमीचा, तर सव्वाशे. बुशचा भाव तेवढाच, फरक फक्त बसवण्यात. वर ड्रिल वाकतंय ते वेगळंच, हे नुसतं खेळाचं गणित झालं. ड्रॉइंगवर होलाच्या जागेची (पोझिशनची) ०.१ मिमीची अचूकता मागितली असंल तर गॅप चुकला तिथंच सगळं संपलं.

म्हणून बुशची लांबी ड्रिलच्या व्यासाच्या दीडपट ते दुप्पट धरा. गॅप मटेरियल बघून. आपल्याकडं शिरोली काय, गोकुळ शिरगाव काय, बरंचसं काम कास्टिंगचं, कास्ट आयर्नची चिप म्हणजे भुगाच पडतो, त्याला ड्रिलच्या निम्मा गॅप भरपूर झाला, ८.५ ला चार-साडेचार मिमी. स्टीलची चिप लांब, गुंडाळत येणारी, तिला बाहेर पडायला ड्रिलएवढा ते दीडपट गॅप लागतो, नाहीतर ती बुशातनंच वर चढते, बुश तापतो, ड्रिल धरतं. स्टीलमध्येच पोझिशन फार कडक असंल तर गॅप मुद्दाम कमी ठेवा आणि बुश लवकर बदलायची तयारी ठेवा, दोन्ही सुखं एकदम मिळत नाहीत. तिरक्या पृष्ठभागावर होल असंल तर बुशचं तोंडच त्या उतारासारखं ग्राइंड करून जॉबला जवळजवळ टेकवायचं, तिथं गॅप ठेवला की ड्रिल घसरलंच म्हणून समजा.

रीमरच्या बुशला वेगळा हिशोब. १० एच७ चा रीमर मायक्रोमीटरखाली धरा, तो १० नसतो, काही मायक्रॉन वरच असतो. बुश नुसत्या १० वर जी७ मध्ये करून घेतला तर तो १० च्या वर फक्त ५ मायक्रॉनवर पण येऊ शकतो, मग रीमर अडकला की ओरडू नका. रीमरचं माप घेऊन त्याच्यावर जी७ सांगा.

बसवण्याबद्दल, हे मी स्वतःच्या खिशातनं शिकलोय. पहिलं जिग केलं तेव्हा प्रेस नव्हता, पितळेचा तुकडा ठेवून हातोड्यानं बुश ठोकला. गेला आत, आवाज पण छान आला. दुसऱ्या दिवशी बघतोय तर ड्रिलची एकच बाजू आरशासारखी चमकायला लागलेली आणि होलं सगळी एकाच अंगाला. बुश काढला तर कॉलरखाली प्लेटमधनं खरवडून निघालेली केसाएवढी एक किस, तिच्यावर कॉलर टेकून बुश तिरका. त्या एका किशीपायी साठ कव्हर भंगारात. तेव्हापासनं प्रेस, आणि प्रेस नसंल तर लांब बोल्ट, दोन जाड वॉशर आणि नट घेऊन बुश हळूहळू आत ओढायचा, सरळ जातो. प्लेटच्या होलाला आधी चॅम्फर मारा, धूळ पुसा, तेलाचा थेंब सोडा.

फिट बघा. प्लेटचं होल एच७ (मोठं H), बुश बाहेरनं एन६ (लहान n). १५ व्यासाला प्लेटचं होल ० ते १८ मायक्रॉन वर आणि बुश १२ ते २३ वर. म्हणजे एका टोकाला २३ मायक्रॉन टाइट आणि दुसऱ्या टोकाला ६ मायक्रॉन ढिला, दोन्ही 'ड्रॉइंगप्रमाणे'. म्हणून दोन्हीची मापं घेऊन जोडी लावा. ढिला पडला तर होलाभोवती पंच मारून धरवू नका, बुश बदला. फार टाइट बसला तर आतलं होल आवळतं, आणि आपला कमीत कमी खेळच १३ मायक्रॉन, तो तिथंच खाल्ला जातो. दाबून झाल्यावर आत गेज पिन किंवा नवं ड्रिल हातानं फिरवून बघायचंच.

मटेरियलमध्ये कंजूषी नको. बुश ६० एचआरसीच्या (कडकपणाचं माप) आसपास कडक पाहिजे, ईएन३१ नाहीतर ओएचएनएस स्टीलचा, हार्डनिंग करून आतनं-बाहेरनं ग्राइंड केलेला, आत बाहेर एकाच सेंटरवर. टूलरूमवाल्याकडनं घेताना मँड्रेलवर (होलात बसणाऱ्या सरळ दांड्यावर) चढवून फिरवत डायल लावून बघा, काटा मिमीच्या शंभराव्या भागानं जरी हलला तर परत द्या. वरच्या तोंडाला गोल रेडियस पाहिजे, धारदार कड राहिली तर ड्रिलचे कोपरे तिथंच झडतात. एमएसचा (साध्या मऊ लोखंडाचा) बिनहार्ड बुश दहा-वीस नगाला ठीक आहे, त्याच्यावर नाही, आणि कास्टिंगच्या सालीवर चिकटलेली वाळू म्हणजे पॉलिश पेपरच की, चांगल्या हार्ड बुशलापण खाते. जॉब जिगमध्ये ठेवण्याआधी शॉटब्लास्ट (छर्रे मारून साफ) केलेला असावा आणि प्रत्येक नगाला एअर मारावी. नग फारच असले तर कार्बाइड, महाग आहे, पण सारखं जिग उघडण्यापेक्षा परवडतो.

स्लिप बुश वापरणाऱ्या ऑपरेटरला एक गोष्ट दाखवून ठेवा, सांगून नव्हे. बुश टाकला की घड्याळाच्या दिशेनं फिरवून त्याची खाच लॉक स्क्रूच्या डोक्याखाली घालायची. ड्रिलपण त्याच दिशेनं फिरतंय, त्यामुळं काम चालू असताना बुश आणखी घट्ट होतो. घाईत नुसता टाकला तर ड्रिल वर येताना बुशला घेऊन येतंय, आणि चकाखाली गरगर फिरणारा कडक लोखंडी बुश हातावर बसला तर काय होतंय ते मला सांगायला लावू नका. आणि बुश धरायचा तो नर्ल केलेल्या (खरखरीत) कडेवर, हातमोजे घालून नाही.

एवढं करूनसुद्धा स्पिंडल आणि बुश एका रेषेत नसले तर काही महिन्यांत झिजायचा तो बुश काही दिवसांतच झिजतो. ड्रिल बुशात सोडा, मशीन बंद ठेवून हातानं खाली आणा, कुठं अडतंय का बघा. ड्रिलला धार लावताना एक ओठ (कापणारी कड) लांब, एक आखूड झाला तर होल मोठं पडतंय आणि बुश एका बाजूनं चाटला जातोय.

झीज बघायला आमच्याकडं मशीनच्या खांबाला दोन पिना टांगल्यात. हिरवी ८.५१, ती जायलाच पाहिजे. लाल ८.५६, ती खालच्या तोंडातनं शिरली की बुश बाद, कारण झीज बहुतेक खालच्या बाजूला घंटेसारखी सुरू होते आणि वरनं बघून काही कळत नाही. शनिवारी पाळी संपताना जिग उलटं करून लाल पिन लावायची, वहीत तारीख आणि नग लिहायचे. मागच्या पानांवरनं आता अंदाज येतो, कुठल्या जिगला कधी नवा बुश मागवायचा ते.