‘सौम्य’ या शब्दानं मला चुना लावला

निळा लिटमस लाल होतो, पीएच 7 म्हणजे उदासीन, एवढं तुम्हाला नववीपासून येतंच. त्यात वेळ घालवत नाही. मी जिथं पडले तो ‘सौम्य आम्ल’ या शब्दाचा खड्डा तेवढा नीट दाखवते, कारण दरवर्षी नवी पोरं त्याच खड्ड्यात पडतात.

मी करवीर तालुक्यातली, दहावीपर्यंत मराठी माध्यम. बीएस्सीसाठी कोल्हापुरात आले. पहिल्या वर्षीचं टायट्रेशन, म्हणजे ब्युरेट या खुणांच्या काचनळीतून आम्लात अल्क थेंब थेंब सोडायचं आणि रंग बदलेपर्यंत किती लागलं ते मोजायचं. 10 मिली 0.1 मोलर (मोलर म्हणजे द्रावण किती दाट त्याचं माप) हायड्रोक्लोरिक आम्लाला 0.1 मोलर कॉस्टिक सोडा 10 मिली लागला. मग तेवढंच, तेवढ्याच मोलरचं ॲसिटिक आम्ल. मी मनाशी ठरवून टाकलं, हे सौम्य, तीन-चार मिलीत आटपेल. ब्युरेट 4 वर आली, 6 वर आली, रंग नाही. कॉक गळतोय म्हणून पुसून पाहिला. गुलाबी छटा आली ती थेट 10 ला. आणि मी काय केलं? शेजारणीचं 3.2 हे रीडिंग जर्नलात उतरवलं.

सरांनी लाल रेघ मारली, पुढं गेले. समजावलं लॅबमधल्या मामांनी. काचसामान विसळता विसळता म्हणाले, “आम्ल तेवढंच घेतलंस न्हवं? मग सोडा कमी का लागंल?” (माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी सरांपेक्षा लॅबमधल्या मामांशी ओळख वाढवा.)

गोंधळ शब्दाचा आहे. कडक चहा म्हणजे पावडर जास्त, म्हणून स्ट्राँग म्हटलं की आपल्या डोक्यात ‘जास्त’ येतं. पण जास्त-कमी सांगायला संहत आणि विरल हे शब्द आहेत. तीव्र आणि सौम्य हे फक्त किती रेणू पाण्यात फुटून आयन होतात ते सांगतात. 0.1 मोलर हायड्रोक्लोरिक जवळजवळ सगळं फुटतं, पीएच 1. तेवढंच ॲसिटिक घेतलं तर हजारातले जेमतेम तेरा रेणू फुटलेले, पीएच 2.9 च्या आसपास.

लग्नघरी हजार माणसं आहेत, पण मांडवात तेराच दिसतायत, बाकीची घरात. म्हणून तेराच पानं मांडाल? ती तेरा जेवायला बसली की घरातून पुढची येतात. पानं हजारच लागणार. पीएच मांडव मोजतो, टायट्रेशन अख्खं घर.

हे डोक्यात बसलं गुऱ्हाळावर. आमचे चुलते गुळव्या. काईलीतल्या रसाला मी पीएच पेपर लावला, 5 आला. हिशेब मांडला: 1000 लिटर रस, त्या पीएचचं आम्ल मारायला चुना लागेल अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. चुलते तर चुन्याची निवळी तांब्यानं ओतत होते. उसाच्या रसातली आम्लं सौम्य, बहुतेक माणसं घरातच बसलेली. चुना जादा झाला तर गूळ काळपट पडतो, त्यामुळं त्यांचा हात उगाच सैल सुटत नव्हता. हिशेब माझाच फसला होता.

परीक्षेच्या शॉर्टकट ट्रिकांच्या झेरॉक्स विकत घेऊ नका. स्पष्टच सांगते, त्या कचरा आहेत. त्यांचं ऐकून मी 10⁻⁸ मोलर हायड्रोक्लोरिकचा पीएच 8 लिहून आले. आम्ल घातल्यावर पाणी अल्कधर्मी कसं होईल? पाण्याचे स्वतःचे आयन धरले की उत्तर 6.98 येतं. पण घाबरू नका, पीएचच्या गणितातला लॉग जमत नाही म्हणून कुणी नापास होत नाही. पंधरा गणितं हातानं सोडवा, बसतं.

आणि सौम्य म्हणजे निरुपद्रवी, हे तर डोक्यातून काढूनच टाका. हायड्रोफ्लोरिक आम्ल पुस्तकात सौम्य आहे, पण कातडीतून आत शिरून हाडापर्यंत पोचतं. ग्लेशियल (जवळजवळ बिनपाण्याच्या) ॲसिटिकनंही कातडी भाजते.

दर्शक, म्हणजे रंग बदलून टायट्रेशनचा शेवट दाखवणारा पदार्थ, निवडताना बाटलीवरचं नाव वाचा. ॲसिटिक-सोड्याला फिनॉल्फ्थॅलीनच, कारण शेवट पीएच 8.7 च्या जवळपास होतो. मिथिल ऑरेंज पीएच 4.4 लाच पूर्ण पिवळं होऊन बसतं, म्हणजे साधारण तीन मिलीला. माझ्या शेजारणीनं तेच घातलं होतं.