रायटिंग सेंटरमध्ये मोजमाप शिकताना

अमेरिकेत मास्टर्स करताना मला कॅम्पसवरच्या रायटिंग सेंटरमध्ये असिस्टंटशिप मिळाली. पहिलं सेमिस्टर नुसतं ट्युटरिंग केलं. विद्यार्थी ड्राफ्ट घेऊन यायचे, मी शेजारी बसून वाचायचे, मग आम्ही त्यावर बोलायचो. दुसऱ्या सेमिस्टरला डायरेक्टरबाईंनी असेसमेंटचं, म्हणजे सेंटरचा कितपत उपयोग होतो हे मोजण्याचं काम दिलं आणि सत्रानंतर भरून घेतलेल्या फॉर्मांचा गठ्ठा माझ्या टेबलावर आला. ज्यांच्या वाट्याला हे काम नव्यानेच आलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

फॉर्म उघडले तर जवळजवळ सगळीकडे पाचपैकी पाच. मी उत्साहाने आलेख काढले. बाईंनी ते शांतपणे पाहिले आणि विचारलं, "यावरून पुढच्या आठवड्यात आपण काय वेगळं करायचं?" मला काहीच सांगता येईना. विचार केल्यावर लक्षात आलं, की विद्यार्थी फॉर्म भरतात तेव्हा ट्युटर समोरच बसलेला असतो. अर्धा तास आपल्यासाठी झटलेल्या माणसाला दोन गुण द्यायला कुणाचा हात धजावेल? आणि जे एकदा येऊन पुन्हा फिरकले नाहीत, ते या गठ्ठ्यात जेमतेमच दिसतात.

दुसरा मोह ग्रेडचा. निधी मंजूर करणाऱ्यांना हाच आकडा हवा असतो: सेंटरला येणाऱ्यांचे ग्रेड वाढतात का? इथे फार जपून पावलं टाका. आपणहून येणारे बरेचदा मुळातच कष्टाळू असतात, तर काहींना अडचणीत आहेत म्हणून प्राध्यापकांनी पाठवलेलं असतं. ग्रेड सेंटरमुळे बदलला की स्वभावामुळे, हे नुसत्या तुलनेतून कळत नाही. रायटिंग सेंटरचे अभ्यासक नील लर्नर यांनी 1997 मध्ये सेंटरला येणारे आणि न येणारे यांचे ग्रेड ताडून पाहिले होते. 2001 मध्ये त्यांनीच पुन्हा लेख लिहून आपल्या त्या पद्धतीतल्या उणिवा दाखवल्या. नवख्या माणसाने हे दोन्ही लेख पाठोपाठ वाचावेत. स्वतःच्या अभ्यासाकडे इतक्या प्रामाणिकपणे पाहणारा संशोधक मला फार आदरणीय वाटतो.

शिवाय याच विषयाचे दुसरे अभ्यासक स्टीफन नॉर्थ यांनी 1984 मध्ये मांडलेला विचार या क्षेत्रात आजही पायाभूत मानतात: सेंटरने घडवायचा तो लिहिणारा माणूस, हातातला एक निबंध नव्हे. हे मान्य केलं तर एका पेपरचा ग्रेड फार तर दूरची खूण ठरतो. म्हणून आम्ही प्रश्न लहान केला. सत्रानंतर विद्यार्थी ड्राफ्टमध्ये नेमकं काय बदलतात, आणि ते बदल सत्रातल्या कुठल्या बोलण्यातून येतात? त्यासाठी आधीचा आणि नंतरचा ड्राफ्ट जमवायचा आणि सत्र रेकॉर्ड करायचं ठरलं.

रेकॉर्डरला हात लावण्याआधी आयआरबीकडे, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समितीकडे जा. सेंटरच्या अंतर्गत सुधारणेसाठी माहिती गोळा करणं वेगळं आणि परिषदेत किंवा जर्नलमध्ये मांडण्यासाठी संशोधन करणं वेगळं. दुसरं मनात असेल तर आधीच विचारा, कारण डेटा जमवून झाल्यावर मागाहून मंजुरी मिळेल अशी आशा धरण्यात अर्थ नसतो. संमतीपत्र सोप्या भाषेत हवं, आणि नकार दिला तरी सत्र तसंच मिळेल हे तोंडीही सांगावं. विद्यार्थ्यांच्या नोंदींना फर्पा या अमेरिकेतल्या गोपनीयतेच्या कायद्याचं संरक्षण आहे, तेव्हा नावं काढून सांकेतिक क्रमांक घाला.

मग मी माझंच एक सत्र शब्दन् शब्द उतरवून काढलं. इतिहासाचा पेपर घेऊन आलेली पहिल्या वर्षाची मुलगी. कागदावर माझं बोलणं ओळीच्या ओळी, आणि मध्ये तिचं "हं", "ओके", "हो". एका जागी ती म्हणते, "पण मला खरं तर..." आणि त्याच क्षणी मी पुढची सूचना देते. तिला काय म्हणायचं होतं ते रेकॉर्डिंगमध्ये कुठेच नाही. त्या सत्राच्या फॉर्मवरही पाचपैकी पाचच होते. ती ओळ मी कितीतरी वेळा वाचली, आणि तेव्हापासून प्रश्न विचारल्यावर मनात आकडे मोजत थांबायची सवय लावून घेतली.

कोडिंग, म्हणजे उतरवलेल्या प्रत्येक वाक्याचा प्रकार ठरवणं, एकट्याने करू नका. मी आणि एक सहकारी तेच पान वेगवेगळं बसून वाचायचो आणि प्रत्येक वाक्याला खूण करायचो: सांगणं, विचारणं, धीर देणं. मग खुणा जुळवायच्या. "हे वाक्य जरा आधी आणलं तर?" हा प्रश्न आहे की प्रश्नाच्या वेषातली सूचना, यावर आमची एक अख्खी दुपार गेली. अशा वादांतून व्याख्या घट्ट होतात, म्हणून मतभेद झाले की आधी व्याख्या दुरुस्त करा आणि मग त्या पानांवर नव्याने खुणा करा. घाईघाईने मधला मार्ग काढलात तर पुढचे सगळे आकडे डळमळीत होतात.

सेमिस्टरच्या शेवटी आम्ही जुना फॉर्म बंद केला. आता दोन दिवसांनी ईमेलने एकच प्रश्न जातो: सत्रानंतर ड्राफ्टमध्ये पहिला बदल कोणता केलात, आणि का? उत्तरं कमी येतात, हे खरं. पण पहिल्याच आठवड्यात एकाने लिहिलं होतं, "तिसरा परिच्छेद सगळ्यात वर नेला. माझा मुद्दा तिथे लपला होता, तो मोठ्याने वाचताना सापडला." बाईंनी हे उत्तर छापून ट्युटरांच्या खोलीत लावलं, आणि पुढच्या बैठकीत विद्यार्थ्यालाच ड्राफ्ट मोठ्याने वाचायला कसं सांगायचं याचा सराव झाला.