भागाकार शिकवायचा आहे? आधी चिंचोके काढा, मग सुट्टे पैसे

तिसरी-चौथीतल्या मुलांचा भागाकार अडतो तो दर वेळी पाढे कच्चे म्हणून नव्हे. तीसपर्यंत पाढे घडाघडा म्हणणारं मूलही शाब्दिक उदाहरण दिसलं की विचारतं, "गुणू का भागू?" भागाकारात नेमकं काय घडतं, हे त्याच्या हातांनी अजून करून पाहिलेलं नसतं. म्हणून वही नंतर उघडा. आधी मूठभर चिंचोके घ्या. नसतील तर राजमा किंवा बटणंही चालतील.

१. एकेक करून वाटा. २४ चिंचोके मोजून घ्या, चार वाट्या मांडा आणि सगळ्या वाट्यांत सारखे टाकायला सांगा. मूल एकेक चिंचोका टाकत फिरेल. फिरू द्या, मध्ये उत्तर सांगू नका. सहा फेऱ्यांत चिंचोके संपतात. वाट्या किती ते ठाऊक होतं. एका वाटीत किती ते आपण शोधलं.

२. आता गट करा. वाट्या उचलून ठेवा. तेच २४ चिंचोके घेऊन चार-चारच्या ढिगल्या करायला सांगा. ढिगल्या सहाच होतात, पण या वेळी ढिगलीत किती ते माहीत होतं आणि ढिगल्या किती ते शोधायचं होतं. लिहिताना दोन्हीकडे २४ ÷ ४ = ६. मोठ्यांना हा फरक किरकोळ वाटतो, मुलं मात्र इथेच अडखळतात. "२४ वह्या ४ मुलांत वाटल्या" आणि "२४ वह्यांचे चार-चारचे गठ्ठे बांधले" अशा दोन्ही तऱ्हेच्या गोष्टी त्यांनाच रचायला लावा. मग "चार सक चोवीस" आठवून उत्तर काढणं सोपं जातं.

३. बाकी उरू द्या. आणखी एक चिंचोका घालून २५ करा. चार वाट्यांत सहा-सहा, उरला एक. चार किंवा जास्त उरले असतील तर अजून एक फेरी होऊ शकते, म्हणजे वाटणी अर्धवट सोडली आहे. बाकी भाजकापेक्षा लहान का असते, हे इथे समोरच दिसतं.

उरलेल्याचं काय करायचं, ते मात्र प्रश्न पाहूनच ठरवावं लागतं. १४ ÷ ३ घ्या: भागाकार ४, बाकी २. एका डब्यात ३ याप्रमाणे १४ लाडू भरले तर पूर्ण भरलेले डबे ४. रिक्षात तिघेच बसतात आणि माणसं १४ आहेत, तर रिक्षा ५ लागतील. दोघांना रस्त्यावर सोडून जाता येत नाही. १४ पोळ्या तिघांत वाटायच्या तर उरलेल्या दोन मोडून प्रत्येकाला ४ पूर्णांक २/३. आणि आज सोमवार असेल तर १०० दिवसांनी कोणता वार? १०० ÷ ७ मध्ये भागाकार येतो १४, पण तो इथे कामाचाच नाही. बाकी २, म्हणून बुधवार.

४. मोठ्या संख्येला नोटा वापरा. १३८ चिंचोके कोण वाटत बसणार? खेळातल्या नोटा घ्या: शंभराची १, दहाच्या ३, रुपयाची ८ नाणी. सहा जणांत वाटायचे आहेत. शंभराची एकच नोट सहा जणांना देता येत नाही, ती मोडा. तिच्या दहाच्या १० आल्या, आधीच्या ३ मिळून १३. प्रत्येकाला दोन दिल्या, १२ गेल्या, एक उरली. तीही मोडली की १० नाणी आणि आधीची ८, मिळून १८. प्रत्येकाला ३. उत्तर २३. वहीत "वरचा अंक खाली घ्या" म्हणतात, तेव्हा नेमकं हेच चाललेलं असतं: उरलेली नोट मोडायची आणि पुढच्या घरातल्या सुट्ट्यांत मिसळायची.

५. मधलं शून्य. ६१८ ÷ ६ चं उत्तर कितीतरी मुलं १३ लिहितात. पुन्हा नोटा मांडा. शंभराच्या सहा नोटा, प्रत्येकाला एक. दहाची एकच, ती कोणालाच देता येत नाही, म्हणून दशकाच्या घरात ०. ती मोडून ८ नाण्यांत मिसळली की १८, प्रत्येकाला ३. उत्तर १०३. प्रत्येकाच्या हातात शंभराची नोट असताना १३ कसं येईल, हे मूल स्वतःच म्हणतं.

एखादं चौकस मूल शून्याने भागायचंच म्हणून हट्ट धरेल. शून्य-शून्यच्या ढिगल्या करत बसलं तर चिंचोके कधी संपणारच नाहीत. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात अशा राशीला 'खहर' म्हटलं आणि ती अनंत मानली. आजच्या गणितात शून्याने भागण्याला अर्थच दिलेला नाही. चौथीला एवढं पुरे.

६. ताळा करा. भाजक × भागाकार + बाकी = भाज्य. ४ × ६ + १ = २५ असं प्रत्येक उदाहरणाखाली लिहायची सवय लावा. सरावाला ६४२ ÷ ६, ७२१ ÷ ७ आणि ५१७ ÷ ५ द्या. तिन्हींत मध्ये शून्य आहे आणि शेवटच्यात बाकीही उरते.