स्व-असंगततेवर काम सुरू करताय? आधी परागनलिका बघा

फुलं स्वतःचे पराग कसे ओळखतात नि नाकारतात (यालाच स्व-असंगतता म्हणतात), हे शिकायला आलेला माणूस बहुधा थेट जनुकांना हात घालतो आणि एसआरके, एससीआर, एस-आरएनेज, एसएलएफ या नावांच्या गर्दीत हरवतो. मी नव्यांना आधी सूक्ष्मदर्शकापाशी बसवते. परागण केलेला स्त्रीकेसर (फुलाचा मादी भाग) अल्कोहोल-अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडमध्ये ठेवायचा, सोडियम हायड्रॉक्साइडने मऊ करायचा, अ‍ॅनिलिन ब्लूने रंगवून अतिनील प्रकाशात बघायचा. परागनलिकेतलं, म्हणजे रुजलेल्या परागकणातून निघणाऱ्या नळीतलं, कॅलोज हे कर्बोदक चमकतं आणि नलिका कुठे अडली ते दिसतं.

कोबी-मोहरीच्या कुळात नकार कुक्षीच्या, म्हणजे स्त्रीकेसराच्या टोकाच्या, पृष्ठभागावरच मिळतो. परागकण धड पाणीही शोषत नाही. पिटुनियात मात्र परागकण रुजतो, नलिका कुक्षीवृंतात (कुक्षीखालच्या दांड्यात) शिरते आणि वाटेतच खुंटते. रान-पॉपीत कॅल्शियम उसळतं आणि परागकणाच्या पेशीचा नियोजित मृत्यू सुरू होतो. म्हणजे ‘स्व-असंगतता’ ही एकच यंत्रणा नाही, हे मनात पक्कं बसू द्या.

कोबीकडचा मामला सरळ आहे: परागाच्या आवरणावरचं एससीआर हे प्रथिन कुक्षीवरच्या आपल्याच जोडीच्या एसआरके या ग्राही प्रथिनाला चिकटलं की दार बंद. २००२मध्ये या दोन प्रथिनांची जनुकं एका स्व-असंगत भावंड-जातीतून स्वपरागण करणाऱ्या अ‍ॅराबिडॉप्सिसमध्ये घातली, तर तेही स्वतःचे पराग नाकारू लागलं.

पिटुनियाशी मात्र डोकं लावावं लागतं. कुक्षीवृंतातलं एस-आरएनेज हे आरएनए तोडणारं विकर आपल्या-परक्या सगळ्याच नलिकांत शिरतं. परागाकडे एसएलएफ प्रथिनांचा ताफा असतो. त्यातलं प्रत्येक काही *परकी* विकरं ओळखून त्यांना निकामी करतं. आपल्या विकराला ओळखणारं मात्र कुणीच नसतं, म्हणून नलिका मरते. इथे ओळख पटते ती परक्याची! मला या विषयातलं सर्वांत सुंदर कोडं हेच वाटतं.

आता कागद घ्या. एस१, एस२, एस३ ही ओळख ठरवणाऱ्या एस-जनुकस्थानाची रूपं; झाडात दोन असतात, परागकणात त्यातलं एक. एस१एस२ झाडाचे पराग एस१एस३वर टाका. पिटुनियात परागाची ओळख त्याच्या स्वतःच्या जनुकावरून ठरते, म्हणून निम्मे पार होतात. कोबीत ती जनक झाडावरून ठरते. दोन्ही रूपं सारखीच प्रभावी असतील तर सगळेच अडतात. हे गणित हातचं झाल्याशिवाय संकर आखू नका.

बी धरलं नाही म्हणजे स्व-असंगतताच, असंही नाही. पराग मेलेले असू शकतात, नाहीतर गर्भ नंतर गळलेला असू शकतो. म्हणून त्याच दिवशी, त्याच झाडावर परक्या परागाचं एक परागण हवंच. परागकोश फुटायच्या आत खुडा, फुलाला पिशवी बांधा.

कोबीत स्वतःचंच बी हवं असेल तर कळी उघडून परागण करा. तोवर कुक्षीत नकाराची यंत्रणा उभी राहिलेली नसते. फुलाचं वय चिठ्ठीवर लिहाच. जुन्या फुलात नकार ढिला पडतो, उष्णतेनेही पडू शकतो. वय न लिहिलेल्या फुलाचं बी मी मोजायलाही घेत नाही.