रानटर्कीच्या शिकारीसाठी आऊटफिटर कसा निवडावा

अमेरिकेत वसंतातल्या रानटर्कीच्या शिकारीची जमीन, गाईड, मुक्काम आणि जेवण अशी सगळी सोय पैसे घेऊन करून देणारा तो आऊटफिटर. प्रत्येकाच्या जाहिरातीत पिसारा फुलवलेल्या नराशेजारी हसणारा शिकारी असतोच. त्या फोटोवरून काहीही कळत नाही. तो नर कोणाच्या जमिनीवर मिळाला, हंगामाच्या कोणत्या आठवड्यात मिळाला आणि त्या आठवड्यात आलेल्या किती जणांना तसा मिळाला, हे विचारायचं.

पण त्याआधी पक्षी ठरवा. अमेरिकेत रानटर्कीच्या पाच उपजाती आहेत. ईस्टर्न देशाच्या पूर्व भागात, रिओ ग्रांडे टेक्सास, ओक्लाहोमा, कॅन्ससकडे, मेरियम्स रॉकी पर्वताच्या पट्ट्यात आणि ब्लॅक हिल्समध्ये, तर गूल्ड्स ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोच्या दक्षिण टोकाला व मेक्सिकोत. पाचवी ऑसिओला फक्त फ्लोरिडाच्या द्वीपकल्पात सापडते. गूल्ड्स सोडून उरलेल्या चार मिळवल्या की त्याला ‘ग्रँड स्लॅम’ म्हणतात. ऑसिओलाशिवाय तो पुरा होत नाही आणि तिथे शिकारीजोगी खाजगी जमीन थोडी, म्हणून या चारांत तिचीच सहल सहसा सर्वांत महाग पडते. पहिल्यांदाच जाणाऱ्याने तिच्या मागे लागू नये. टेक्सासच्या उघड्या मुलखात रिओ दुरून दिसतात आणि त्यांचं वागणं बघायला मिळतं. ईस्टर्न दाट झाडीत राहतो आणि फार संशयी असतो. नेब्रास्काकडे उपजातींची सरमिसळ आहे. तिथे कोणी ‘शुद्ध मेरियम्स’ विकत असेल तर शेपटीचे फोटो मागा. मेरियम्सच्या शेपटीची कड पांढरट, रिओची फिकट बदामी आणि ईस्टर्नची तपकिरी असते.

आता जमीन. ‘आमच्याकडे 5,000 एकर’ हा आकडा एकटा निरर्थक आहे. त्यावर आठवड्याला बारा शिकारी सोडले तर तीन शिकाऱ्यांचे 1,500 एकर बरे. म्हणून असं विचारा: जमीन मालकीची की कराराने घेतलेली? करार असेल तर शिकारीचा हक्क फक्त तुमचाच, की मालकाचे मेहुणे-भाचेही येतात? तिथे पक्ष्यांचे रातथारे, म्हणजे रात्री बसायची झाडं, किती? एका तुकडीनंतर जमिनीला किती दिवस विश्रांती देता? विश्रांतीचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. रोज सकाळी मादीच्या आवाजाच्या नकली हाका आणि बार ऐकलेला नर मुका होतो. तो रातथाऱ्यावर एकदोनदा आरवतो, खाली उतरतो आणि दुसऱ्याच दिशेने निघून जातो. सरकारी वनजमिनीवर नेणार असतील तर फॉरेस्ट सर्व्हिसचं, म्हणजे केंद्रीय वनखात्याचं, व्यावसायिक परमिट दाखवायला सांगा.

आठवड्याची निवड बहुतेक लोक सुट्टी बघून करतात, आणि तिथेच फसतात. हंगामाच्या सुरुवातीला नर माद्यांच्या घोळक्यात असतो. पहाटे झाडावरून जोरात आरवतो, पण खाली माद्या हजर असताना तुमच्या नकली हाकेला तो कशाला येईल? पुढे माद्या खुडूक होऊन घरट्यावर बसू लागल्या की सकाळी नऊ-दहानंतर नर एकटा पडतो आणि हाकेला धावत येतो. शेवटच्या आठवड्यात पानं दाट होतात आणि उरलेले नर शहाणे झालेले असतात. दक्षिण फ्लोरिडात स्टेट रोड 70 या रस्त्याच्या दक्षिणेला हंगाम मार्चच्या पहिल्या शनिवारी उघडतो, त्याच्या उत्तरेला दोन आठवडे उशिरा. उत्तरेकडच्या राज्यांत एप्रिल-मे उजाडतो. आऊटफिटर ‘सगळे आठवडे सारखेच’ म्हणाला तर तो रिकामी तारीख विकतो आहे.

यशाचे आकडे ऐकताना सावध राहा. ‘शंभर टक्के संधी’ या शब्दांत चुकलेला बार, लांबून दिसलेला नर, एक वर्षाचा कोवळा नर (जेक) असं सगळं बसतं. नेमकं असं विचारा: मागच्या हंगामात याच आठवड्यात किती जण आले, त्यांतल्या किती जणांसमोर 40 यार्डांच्या आत पूर्ण वाढलेला नर आला, आणि किती जणांनी तो चुकवला? धंद्यात मुरलेला माणूस चुकलेले बारही सांगतो. संदर्भ मागताना रिकाम्या हाताने परतलेल्या दोघांचे नंबर मागा. गाईडने कष्ट घेतले का, हे तेच खरं सांगतात.

एका गाईडमागे एक शिकारी सर्वांत चांगला, दोन चालतील. आदल्या संध्याकाळी रातथारा हेरायला कोण जातं? गाईड तोच की दुसरा? गुडघे दुखत असतील तर आधीच सांगा, म्हणजे चालत फिरण्याऐवजी लपणात बसून शिकारीची सोय होईल. पिसाऱ्याचा पंखा स्वतःपुढे धरून नराकडे सरपटत जाण्याची एक पद्धत आहे. ती सुचवणाऱ्याला नकार द्या, कारण दुसऱ्या शिकाऱ्याला तुम्ही टर्कीच दिसता. याच कारणाने लाल, पांढरा, निळा हे रंग अंगावर नकोत. नराचं डोकं त्याच रंगांचं असतं.

मोन्टाना, आयडाहो इथे आऊटफिटरला राज्याच्या आऊटफिटर मंडळाचा परवाना लागतो. क्रमांक मागून तपासा. अशी व्यवस्था नसलेल्या राज्यात विम्याचा कागद मागा. आमिषाचा नियम स्वतः वाचा. टेक्सासमध्ये रिओच्या बहुतेक भागात खाजगी जमिनीवर धान्य टाकून शिकार चालते, पण फ्लोरिडात धान्य असलेल्या ठिकाणापासून 100 यार्डांच्या आत टर्की मारणं गुन्हा आहे. बेकायदा मारलेला पक्षी राज्याच्या सीमेपार नेला तर 1900 चा केंद्रीय लेसी कायदा लागतो, आणि गाईडने सांगितलं म्हणून मारला, असं म्हणून शिकारी सुटत नाही.

इसार साधारण निम्मा असतो. तो परत मिळतो की पुढच्या वर्षी वळता होतो, हे लेखी घ्या. जखमी होऊन निसटलेला पक्षी बहुतेक ठिकाणी ‘मिळाला’ असाच धरतात. दुसऱ्या पक्ष्याचे वेगळे पैसे, पक्षी साफ करणं, राज्याचा परवाना हे दरात आहे का, तेही विचारा. परवाना सहसा नसतोच. गाईडची बक्षिसी दहा ते वीस टक्के, तीही वेगळी.

एच-1बी किंवा तशाच व्हिसावर असलेल्यांनी एक गोष्ट आधी करायची. केंद्रीय कायद्याने अशा व्यक्तीला बंदूक बाळगायला मनाई आहे. अमेरिकेतल्या राज्याचा चालू शिकार परवाना जवळ असेल तर त्यातून सूट मिळते. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही. म्हणून परवाना आधी, आऊटफिटरची भाड्याची बंदूक हातात नंतर. परवान्यासाठी सुरक्षा अभ्यासक्रम लागतो. टेक्सासमध्ये 2 सप्टेंबर 1971 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना, फ्लोरिडात 1 जून 1975 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना. तो पुरा व्हायला वेळ लागतो, तेव्हा इसार देण्याआधीच नाव नोंदवा.

स्वतःची बंदूक नेत असाल तर निघण्यापूर्वी 40 यार्डांवर कागद लावून त्याच काडतुसाने, त्याच चोकने (छर्रे एकत्र ठेवणारं नळीचं अरुंद तोंड) बार करून पाहा. दहा इंचांच्या वर्तुळात शंभर छर्रे पडले पाहिजेत. पडत नसतील तर 30 वर पाहा. जिथे पडतात तेवढंच तुमचं अंतर, आणि ते गाईडला पहिल्याच संध्याकाळी सांगून ठेवा.