सहलीची चिकटवही कोल्हापूरच्या पावसाळ्यातही टिकावी म्हणून

सुट्टीतल्या सहलीचे फोटो आता प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये शेकड्यांनी असतात. परंतु पाच वर्षांनी ते पाहताना नेमके काय आठवते, हे एकदा तपासून पाहावे. गगनबावड्याच्या वळणावर काढलेल्या फोटोत धुके दिसते आणि माणसेही दिसतात, मात्र तिथे गाडी का थांबली होती, कोणाला मळमळत होते आणि आजीने पिशवीतून काढलेली आवळासुपारी कोणाच्या वाट्याला आली, हे त्या फोटोतून कळत नाही. चिकटवहीत या गोष्टी सांगणारा मजकूर हवा आणि तो मजकूर वर्षानुवर्षे धरून ठेवील असा कागद हवा. रंगीत फिती, चकचकीत स्टिकर आणि नक्षीच्या कात्र्या यांचा विचार नंतर केला तरी चालतो, आणि त्यांच्यावाचून काही अडतही नाही.

मजकुराची तयारी सहलीतच करावी लागते. चिकटवही घरीच ठेवून, पिशवीत सहज मावेल अशी एक छोटी वही आणि पेन्सिल सोबत घ्यावी व रोज रात्री झोपण्यापूर्वी दहा मिनिटे त्या दिवसाच्या नोंदी कराव्यात. घरी परतल्यावर सवडीने लिहू म्हटले, तर कपडे धुणे, शाळा आणि कामे यांत ते राहूनच जाते. तिरुपतीला जाणाऱ्या हरिप्रिया एक्स्प्रेससारख्या लांबच्या गाडीत तर वेळच वेळ असतो. तिथे मुलांच्या हाती वही द्यावी.

नोंद करताना ‘आज खूप मजा आली’ असे वाक्य आले, की तिथेच थांबून मजा कशाची आली ते लिहावे. उदाहरणार्थ: ‘करूळ घाट उतरण्याआधी गाडी बाजूला घेतली. धुक्यामुळे समोरचा दगडही दिसत नव्हता. बॉनेटवर डबा उघडून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. धाकट्याने ढगात हात घालून बघितला आणि हात ओला झाला म्हणून सगळ्यांना दाखवत फिरला.’ एवढ्या चार ओळींतून तो दिवस परत उभा राहतो. घरातल्या माणसांचे बोलणे प्रमाण भाषेत न आणता जसेच्या तसे लिहावे. आजी ‘लई गार हाय गं हितं’ म्हणाली असेल, तर ‘इथे फार थंडी आहे’ असे लिहिल्याने आजीच त्या पानावरून नाहीशी होते. ज्यांना लिहिणे जमत नाही त्यांनी सांगावे आणि मुलांनी उतरवून घ्यावे. मात्र ज्यांना जमते त्या प्रत्येकाचे हस्ताक्षर वहीत एकदा तरी यावे, असा माझा आग्रह आहे.

शब्द अपुरे पडतील तिथे चित्र काढावे. चित्रकार आबालाल रहिमान यांनी रंकाळा आणि कोटितीर्थ ही तळी ज्या शहरात रंगवली, त्या शहरातल्या मुलांना पन्हाळ्याच्या तीन दरवाजासमोर बसून पेन्सिलीने त्याची कमान काढायला सांगणे काही जगावेगळे नाही. चित्र बिघडले तरी चालेल, कारण एखादी वस्तू काढताना ती नीट पाहावी लागते आणि नीट पाहिलेले लक्षात राहते.

आता कागदाकडे वळू. बाजारातल्या स्वस्त चिकटवहीचा खडबडीत, करड्या किंवा काळ्या रंगाचा कागद बहुधा आम्लयुक्त असतो. तो स्वतः पिवळा पडून ठिसूळ होतो आणि त्यावर लावलेल्या वस्तूंनाही डाग पाडतो. त्याऐवजी चित्रकलेच्या साहित्याच्या दुकानातून आम्लरहित, साधारण 200 जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरचे वजन 200 ग्रॅम भरेल असा) कागद घ्यावा आणि बाइंडरकडून शिवून घ्यावा. शिवणीत प्रत्येक दोन पानांमध्ये जाड कागदाची बोटभर रुंद पट्टी घालायला आवर्जून सांगावे. ती नसल्यास फोटो लावल्यावर वही फुगते, पुठ्ठा उघडाच राहतो आणि शिवण ताणली जाते.

फोटो निवडताना हात आखडता घ्यावा. एका दिवसाचे पाच-सहा फोटो पुरेत, आणि त्यांत एखादा तरी कोणी कॅमेऱ्याकडे पाहत नसतानाचा असावा. ते लॅबमधून 4 × 6 इंचांत छापून घ्यावेत, कारण घरगुती इंकजेट प्रिंटरची साधी शाई ओल लागताच पसरते. फोटो थेट न चिकटवता कागदी कोपऱ्यांत बसवावेत, म्हणजे पुढे कधी काढावा लागला तरी तो फाटत नाही. सेलोटेप पूर्णपणे टाळावी. तिचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन कागदात मुरतो आणि पट्टी मात्र सुटून पडते. घरी केलेली मैद्याची खळ कागदाला चांगली असली तरी कसर तिच्याकडे ओढली जाते, आणि कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालण्याची जुनी रीत मुलांच्या हातच्या वहीसाठी मुळीच योग्य नाही, कारण मोरचूद विषारी असते.

एसटीची तिकिटे आणि हॉटेलची बिले यांच्यावर विशेष लक्ष द्यावे. मशिनमधून निघणारा हा कागद उष्णतेने उमटणारा असतो. त्यावरची अक्षरे काही महिन्यांत फिकी पडतात आणि लॅमिनेशन केले, तर त्या उष्णतेने अख्खे तिकीट काळे पडते. म्हणून घरी येताच त्यांची झेरॉक्स काढून ती वहीत लावावी. प्लॅस्टिकचे पाकीट वापरायचे असल्यास ते पॉलिप्रॉपिलीनचे घ्यावे. नव्या रेनकोटसारखा उग्र वास येणारे पीव्हीसीचे पाकीट कालांतराने चिकट होते आणि अक्षरे ओढून घेते.

पाने आणि फुले ठेवायची असतील, तर ती वर्तमानपत्राच्या घडीत, जड पुस्तकांखाली, रोज कागद बदलत पूर्ण वाळवल्याशिवाय वहीत घालू नयेत. ओलसर पान शेजारच्या फोटोलाही बुरशी लावते. दाजीपूरसारख्या अभयारण्यातून मात्र काहीही तोडून आणू नये. तिथला कायदा तसा आहेच, आणि गव्याच्या खुराची वहीत काढलेली आकृती ही वाळक्या पानापेक्षा कितीतरी चांगली आठवण ठरते.

आपल्याकडे वहीचा खरा शत्रू म्हणजे जून ते सप्टेंबरची हवा. या काळात वही बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या फडताळात न ठेवता आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, वरच्या कप्प्यात, ओल शोषून घेणाऱ्या सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्यांसह ठेवावी आणि दसऱ्याच्या सुमारास उघडून सावलीत वारा द्यावा. कडक उन्हात ठेवू नये, त्याने रंग उडतात.

2019 आणि 2021 च्या महापुरांत पंचगंगेचे पाणी ज्या घरांत शिरले, तिथे कपड्यांबरोबर अल्बमही भिजले. म्हणून वही पूर्ण होताच प्रत्येक पानाचा, खिडकीच्या उजेडात, सरळ वरून फोटो घ्यावा किंवा 300 डीपीआयवर स्कॅन करावे, आणि त्याची एक प्रत पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडे ठेवावी. तरीही फोटो भिजलेच, तर ते एकमेकांवर असतानाच वाळू देऊ नयेत, कारण तसे वाळलेले फोटो सुटे होत नाहीत. ओले असतानाच हलक्या हाताने वेगळे करावेत, चिखल स्वच्छ थंड पाण्यात धुऊन काढावा, चित्राच्या बाजूला बोट न लावता ती बाजू वर करून सुती कापडावर सावलीत पसरावेत. एवढे सगळे एका दिवसात होणार नसेल, तर ओल्या फोटोंच्या मध्ये बटर पेपर घालून ते पिशवीत भरावेत आणि फ्रीझरमध्ये ठेवावेत. पाणी ओसरून घर सावरले की थोडे थोडे बाहेर काढून वाळवता येतात.